माळव्याची रात्र आणि भेंडीचं बी

तिळगुळाचा डबा रिकामा झाला की दरवर्षी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "उन्हाळ्याच्या भाज्यांचं बी कधी टाकायचं?" लगेच पाच जणांची पाच उत्तरं येतात. कुणी म्हणतं वसंतपंचमी, कुणी शिवरात्र, कुणी होळी. कुणी बियांच्या पाकिटाचा फोटोच टाकतं. मागच्या लेखात आपण कुंड्यांची माती तयार केली, तेव्हा आज या प्रश्नाकडे वळायलाच हवं. पण उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. या एका प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे माझ्या हातून जवळजवळ अशी गोष्ट गेली होती, जी बाजारात विकत मिळत नाही.

माझं माहेर गोव्यातलं, डिचोलीजवळचं. आमच्याकडे सात शिरांची भेंडी होते. बोटभर नव्हे, चांगली वीतभर लांब, फिकट हिरवी आणि कडांना ठसठशीत शिरा असलेली. आई दरवर्षी दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्यायची आणि त्यांचं बी राखेत घोळवून औषधाच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीत भरून ठेवायची. २०२३ च्या फेब्रुवारीत आई गेली. बाबा आधीच गेले होते, भाऊ बेंगळुरूला. मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून घर आवरलं. भांडी वाटली, साड्या वाटल्या. फळीवरची ती बाटली मी पर्समध्ये टाकली. इंदूरला आल्यावर मोजलं तर चाळीस बिया होत्या.

त्या वर्षी पावसाळ्यात पेरायचं धाडस झालं नाही. नोकरी, धाकट्याची शाळा, शिवाय गच्चीवर नीट कुंड्याही नव्हत्या. पण भेंडीचं बी फार काळ तसंच ठेवता येत नाही. कोरडं राहिलं तर दोन-तीन वर्षं बरं रुजतं, पुढे उगवण घसरत जाते. म्हणून २०२४ च्या २६ जानेवारीला, सुट्टीचा दिवस साधून, मी चोवीस बिया पेरल्या. चाळीसातल्या चोवीस! दुपारी छान ऊन होतं, अंगातला स्वेटर काढून ठेवला होता. गोव्यात अशा हवेत आईने काहीही पेरलेलं मी पाहिलं होतं.

सासूबाई कठड्यापाशी गोधडी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अगं, ठंडी गेली कुठे अजून? रात्री दोन-दोन रजया लागतात आपल्याला. त्या बीला कोण देणार रजई?"

मी हसले. "आई, ऊन बघा ना किती आहे!" असं म्हणून पाणी घातलं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. विसाव्या दिवशी राहवेना म्हणून एका कोपऱ्यात बोटाने माती उकरली. बी फुगलेलं होतं, पण दाबताच बोटांत पिचकलं. आतून करडं पाणी आलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. चोवीसपैकी दोन वर आली होती. तीही आठवड्याभरात मातीलगत काळी पडून आडवी झाली.

त्या रात्री मी बाटली पुन्हा मोजली. सोळा. मोजून काय बदलणार होतं? तरी मोजली.

बी वर्तमानपत्र वाचत नाही

मी बी.ई. झालेली, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी बाई. काही बिघडलं की आधी लॉग बघायची सवय. इथे लॉगच नव्हता. म्हणून पुढच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातला सुईसारखा टोकदार थर्मामीटर घेतला, कुंडीत दोन बोटं खोल खुपसला आणि सकाळी सातला आणि दुपारी तीनला आकडे लिहू लागले.

२०२५ च्या जानेवारीअखेर दुपारी कुंडीतली माती २४ अंश असायची. म्हणजे मला ऊन लागत होतं ते खोटं नव्हतं. पण सकाळी सातला तीच माती १२-१३ अंशांवर असायची. आपण बी पेरतो दुपारी, कौतुकाने बघतो दुपारी. बी मात्र त्या मातीत चोवीस तास राहतं.

माळव्याच्या रात्री प्रसिद्ध आहेत. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा म्हणतात ना, त्यातली. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आणि समुद्रापासून लांब. त्यामुळे दिवस तापला तरी सूर्य मावळताच हवा भराभर गार होते. जानेवारीत इथलं सरासरी किमान तापमान दहाच्या आसपास असतं. पणजीला त्याच महिन्यात ते विसाच्या आसपास. आईच्या परसातली माती जानेवारीच्या पहाटेही जितकी उबदार असायची, तितकी माझ्या गच्चीवरची माती व्हायला मार्च उजाडतो. माझं गणित गोव्याचं होतं आणि कुंडी इंदूरची.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जे. एफ. हॅरिंग्टन यांचा भाज्यांच्या बियांचा एक जुना तक्ता आहे. मातीचं तापमान किती असलं की कुठलं बी किती दिवसांत वर येतं, ते त्यात दिलं आहे. भेंडीचं बी २० अंशांना १७ दिवस घेतं, २५ ला १३, ३० ला फक्त ७. आणि १५ अंशांना? २७ दिवस. काकडी २० अंशांना ६ दिवसांत येते, ३० ला ३ दिवसांत. टोमॅटो २० ला ८ आणि २५ ला ६ दिवस.

हे २७ दिवस म्हणजे नुसता उशीर नव्हे. बी पाणी पिऊन फुगतं, पण गारठ्यात आतली हालचाल मंद असते. मातीतल्या बुरशीला तेवढा वेळ पुरतो. मी रोज प्रेमाने पाणी घालून तिची आणखी सोय करत होते. माझं बी वांझ नव्हतं. मीच त्याला भिजत ठेवून कुजवलं होतं.

शिवरात्र की होळी?

आता तिथीचा प्रश्न. सासूबाईंच्या माहेरी, देवासला, शिवरात्रीनंतर वेल लावत. मी लगेच कॅलेंडर उघडलं. महाशिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला होती, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला, आणि यंदा २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. तीन आठवड्यांचा फरक! चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड. म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पुढच्या वर्षी शिवरात्र परत मार्चमध्ये.

"मग आई, तुमचा नियम दर वर्षी कसा लागू पडायचा?" मी जरा जिंकल्याच्या सुरात विचारलं.

त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिवरात्र लवकर आली तर होळीपर्यंत थांबायचं. आमची आजी सकाळी कुंडीत मनगट टेकवून बघायची. गार लागलं की नाही. आणि रजई पेटीत गेली की बी मातीत, एवढं साधं आहे. तू कशाला एवढे आकडे लिहितेस?"

मी माझे आकडे तपासले. घरातली शेवटची रजई आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उचलली. त्याच आठवड्यात सकाळची माती पहिल्यांदा १८ अंशांच्या वर गेली होती. वर्षभर थर्मामीटर शोधत होते, तो आमच्या पलंगावर पसरलेला होता.

पुढची कड

पण मग मार्च कशाला, सरळ एप्रिलमध्येच पेरलं तर? माती छान गरम असेल. इथे दुसरी चूक होते आणि ती गारठ्याच्या चुकीइतकीच महाग पडते.

आमच्या कामात आधी शेवटची तारीख बघतात आणि मग तिथून मागे मोजत येतात. वसंतातल्या पेरणीची शेवटची तारीख ऊन ठरवतं. इंदूरला एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात ओलांडतो. झाडाची मुळं तोवर खोल गेलेली हवीत आणि फुलं येऊ लागलेली हवीत. भेंडीला पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फूल येतं. ती उन्हाला चिवट आहे, पण पारा ४२ च्या वर गेला की तिचीही फुलं गळतात. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरली तर एप्रिलअखेर शेंगा सुरू होतात. एप्रिलमध्ये पेरली तर कोवळी रोपं थेट लूच्या तोंडी.

टोमॅटोचं गणित आणखी कडक. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर पारा गेला की त्याची फुलं फळ न धरताच गळतात. १५ फेब्रुवारीला बी टाकलं तर रोप लावायला मार्चचा तिसरा आठवडा आणि फुलं यायला एप्रिलअखेर. झाड हिरवंगार, फळ एक नाही. दरवर्षी ग्रुपवर "टोमॅटोला फुलं येतात पण गळतात, कुठलं खत घालू?" असं विचारलं जातं. मंडळी, खत नको. टोमॅटोचं बी आता नाही, पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना टाका. आत्ता हवाच असेल तर नर्सरीतून फुलावर आलेलं रोप आणा.

म्हणजे पेरणीला एक तारीख नसते. एक खिडकी असते. तिची एक कड गारठा ठरवतो आणि दुसरी ऊन. आपल्या इंदूरच्या गच्चीसाठी मी ती अशी वाटून घेतली आहे:

पहिली फेरी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा: वांगी आणि मिरचीचं बी, पण ट्रेमध्ये, आणि रात्री ट्रे घरात. मेथी, पालक, कोथिंबिरीची शेवटची मूठही याच वेळी टाका. त्यांना गारवा आवडतो. मार्चमध्ये टाकलेली मेथी-कोथिंबीर पानं देण्याऐवजी फुलोऱ्यावर जाते.

दुसरी फेरी, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा: काकडी, दुधी, दोडका, कारलं, गिलकी (माझ्या माहेरची मंडळी वाचत असतील तर घोसाळी). या वेलांची मुळं नाजूक असतात, उपटून लावलेली त्यांना सोसत नाहीत. थेट मोठ्या कुंडीत पेरा किंवा कागदी पेल्यात पेरून पेल्यासकट मातीत ठेवा.

तिसरी फेरी, रजई पेटीत गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य: भेंडी, गवार, चवळी.

तिसऱ्या फेरीबरोबरच फुलं. झिनिया, पिवळा-नारंगी कॉसमॉस, सूर्यफूल, बटण फूल आणि पोर्टुलाका, ज्याला इथे नौ बजे का फूल म्हणतात. झिनिया उबदार मातीत आठवड्याच्या आत वर येतं आणि दोन महिन्यांत फुलतं. पोर्टुलाकाचं बी खसखशीपेक्षा बारीक. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून वर माती घालू नका. नुसतं भुरभुरा आणि फवाऱ्याने पाणी द्या. बाकी बिया त्यांच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल.

फुलांच्या बाबतीत दोन फसगती टाळा. नर्सरीत सध्या पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉक्स डोळ्यांचं पारणं फेडताहेत. ते बघून त्यांचं बी आणू नका. ती फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली असतात. दुसरी फसगत परदेशी पाकिटांची. स्वीट पीच्या पाकिटावर "अर्ली स्प्रिंग" छापलेलं असतं, पण तो वसंत बर्फ वितळणाऱ्या देशांतला. तिथे पुढे थंडगार उन्हाळा असतो, आपल्यापुढे मे महिना. पाकिटावरचा ऋतू वाचण्याआधी ते पाकीट कुठल्या गावासाठी छापलंय ते बघा.

आणि हो, एकाच घरात दोन हवामानं असतात. दक्षिणेच्या भिंतीलगतची कुंडी आधी तापते, कठड्याच्या सावलीतली आठवडाभर मागे राहते. काळी ग्रो-बॅग लवकर गरम होते, मातीची कुंडी पाझरून गार राहते. अंगणातली आपली माळव्याची काळी चिकण माती ओली असेल तर सगळ्यात शेवटी तापते. म्हणून शेजाऱ्यांनी पेरलं म्हणून पेरू नका. आपल्या कुंडीला मनगट टेका, तेही सकाळी. लागोपाठ चार-पाच दिवस गार लागलं नाही तरच पाकीट फोडा.

सोळातल्या सहा

आता त्या बाटलीकडे. २०२५ च्या १ मार्चला रात्री मी सहा बिया पाण्यात भिजत घातल्या. भेंडीच्या बीचं कवच टणक असतं, रात्रभर भिजवल्याने ते मऊ होतं. सहाच का? कारण घरचं बी सगळं एकदम पेरायचं नसतं, हा धडा मी चोवीस बिया देऊन शिकले होते. हार्ड डिस्कचा बॅकअप ठेवणारी बाई, बियांचा बॅकअप ठेवायला विसरली होती.

२ तारखेला रविवारी पेरलं. दोन बोटांच्या पेरांएवढ्या अंतरावर दोन-दोन, तीन कुंड्यांत. पाणी बेताचं. मग मात्र रोज सकाळी ऑफिसची पहिली मीटिंग सुरू होण्याआधी मी गच्चीवर. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण माझ्या आधी त्या जाऊन आलेल्या असायच्या. ओल्या फरशीवर त्यांच्या चपलांचे ठसे दिसायचे.

दहाव्या दिवशी, होळीच्या आदल्या दिवशी, मातीला एक भेग पडली. त्यातून वाकलेली हिरवी मान. आठवडा सरेपर्यंत सहापैकी पाच वर आली. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघाली, सगळं घर रंगून परत आलं. मी हात धुऊन आधी वर गेले तर पहिल्या रोपाला खरं पान फुटलं होतं.

एक रोप एप्रिलमध्ये पिवळं पडलं. पानांच्या शिरा हळदीसारख्या झाल्या. हा विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते आणि त्यावर इलाज नाही. उपटून पिशवीत बांधून टाकलं. जीव तुटला, पण बाकीची चार वाचली. दुपारी त्यांच्यावर हिरवी जाळी बांधली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहिलं फूल आलं. फिकट पिवळं, आत गडद तांबडा डोळा.

भेंडीचं फूल एकाच दिवसाचं आणि मधमाश्यांना प्रिय. शेजारच्या गच्चीवर बाजारच्या बियांची भेंडी होती. परागांची मिसळ झाली असती तर पुढच्या पिढीत सात शिरांची खात्री राहिली नसती. म्हणून उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळीच कागदाची छोटी पिशवी चढवायची आणि शेंग धरली की काढायची. अशा तीन शेंगांना मी लाल दोरा बांधला आणि घरात जाहीर केलं की लाल दोऱ्याला कुणीही हात लावायचा नाही.

बाकीच्या शेंगा आम्ही खाल्ल्या. पहिल्यांदा आईसारखी केली, ओलं खोबरं आणि सोलं घालून. दुसऱ्यांदा सासूबाईंनी मसाला भरून केली. धाकट्याने चिरलेली चकती उचलून बोट फिरवत कोपरे मोजले. "आई, खरंच सात!" मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. गॅस बारीक करायच्या निमित्ताने मी ओट्याकडे वळले.

जूनच्या सुरुवातीला लाल दोऱ्याच्या शेंगा वाळून तडकल्या. तीन शेंगांतून निघालेलं बी मोजलं. एकशे एकतीस.

त्यातल्या पंचवीस बिया कागदाच्या पुडीत घालून मी डिचोलीला आमच्या शेजारच्या काकींकडे पाठवल्या. गेली काही वर्षं त्याही बाजारचं बी आणत होत्या, स्वतःचं कधीच संपलं होतं. पावसाची पहिली सर झाल्यावर त्यांनी ते आमच्या बंद घराच्या परसात पेरलं. पाचव्या दिवशी फोन आला, "आलं गो सगळं वर! तुझ्या आईच्या जागेवरच घातलंय." इंदूरला दहा दिवस, तिथे पाच. मी वहीत तोही आकडा लिहिला.

आज, हे लिहिताना, आमच्या घरी अजून एक रजई पलंगावर आहे. सकाळी माती १६ अंश होती. शिवरात्र यंदा लवकर आहे, म्हणून सासूबाईंनी सांगून ठेवलंय की घाई नको. तेव्हा मंडळी, या पंधरवड्यात फक्त वेलांच्या कुंड्या भरा, मेथीची शेवटची मूठ टाका आणि भेंडीचं पाकीट कपाटातच राहू द्या. रजई पेटीत गेली की ग्रुपवर कळवीनच. आणि ज्यांना सात शिरांची भेंडी लावायची असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीला कागदाची एक पुडी घेऊन या. दहा-दहा बिया देईन. पण अट एकच. पाचच पेरायच्या, पाच ठेवायच्या.